चक्रव्यूहात हरवता येत नाही

अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरता येत होतं, बाहेर पडता येत नव्हतं. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीमुळे चक्रव्यूह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माणसाला गुरफटून टाकणारी वाट उभी राहते. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर बाराव्या शतकातल्या शिल्पकारांनी हाच प्रसंग कोरला आहे, आणि तिथेही व्यूह म्हणजे एकात एक वळसे घेत गेलेल्या रेघा. पण चक्रव्यूह म्हणून परंपरेने जी आकृती काढली जाते, ती एकदा कागदावर काढा आणि तिच्या वाटेत बोट ठेवून पाहा. बोट कुठेच अडत नाही. फाटा फुटत नाही, वाट बंद होत नाही. वळसे घेत घेत बोट सरळ मध्यावर जाऊन पोचतं, आणि परतायचं तर त्याच वाटेने उलट यायचं. बिचाऱ्या अभिमन्यूला रेघांनी अडवलं नव्हतं, माणसांनी अडवलं होतं.

ग्रीकांकडेही हीच विसंगती आहे. क्रीट बेटावरच्या दंतकथेत मिनोटॉर राक्षसाला मारून बाहेर पडायला थीसियसला दोऱ्याचा गुंडा लागतो. मात्र त्याच बेटावरच्या नोसॉस शहराच्या जुन्या नाण्यांवर जो व्यूह छापला आहे, त्यात दोऱ्याचं काही काम नाही, कारण वाट एकच आहे. इटलीतल्या लुक्का गावी कॅथीड्रलच्या ओसरीत एका खांबावर हातभर रुंदीचा चक्रव्यूह कोरलेला आहे. शेजारच्या लॅटिन ओळी सांगतात की थीसियसखेरीज इथून कोणी बाहेर पडलं नाही. आकृती तसं काही म्हणत नाही. तिच्या मधलं चित्र तर येणाऱ्याजाणाऱ्यांनी बोटं फिरवून फिरवून झिजवून टाकलंय. म्हणजे शेकडो लोक आत गेले आणि सुखरूप बाहेर आले.

आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत ही मोठीच सोय. फाटे, आडवाटा, बंद गल्ल्या असलेली ती भुलभुलैया. तिथे प्रत्येक वळणावर ठरवावं लागतं आणि चुकता येतं. एकच अखंड वाट असलेला तो चक्रव्यूह. तिथे ठरवायचं काही नसतं, त्यामुळे चुकताही येत नाही. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे, आणि त्याचा चुलतभाऊ म्हणावा अशा मंडलाबद्दल. या दोन्ही आकृत्या काढत बसणं हा अनेकांचा छंद आहे, माझाही आहे. ‘त्याने मन शांत होतं’ असं सगळेच सांगतात. कसं होतं आणि रेघा नेमक्या कशा पडतात, हे समजावून सांगायचा हा प्रयत्न.

कोरा कागद आणि चौकडा

मी सुरुवात केली तेव्हा माझी समजूत अशी होती की कागद घ्यायचा, पेन टेकवायचं आणि हाताला वाट्टेल ते करू द्यायचं, की झालं ध्यान. प्रत्यक्षात पाच मिनिटांत कपाळावर आठ्या. इथे पाकळी काढू की जाळी? ही रेघ इथवर थांबवू की पुढे नेऊ? कोरा कागद म्हणजे प्रश्नांची रांग. ज्या डोक्याला विसावा द्यायला बसले, त्याच डोक्याला मी आणखी काम लावत होते.

यावर झालेला एक छोटा प्रयोग मला फार बोलका वाटतो. २००५ साली नॅन्सी करी आणि टिम कॅसर या अमेरिकेतल्या दोघांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी एखाद्या भीतिदायक आठवणीबद्दल लिहायला लावून थोडं बेचैन केलं. मग त्यांचे तीन गट केले. एकाला रंगवायला मंडल दिलं, दुसऱ्याला चौकड्याची नक्षी, तिसऱ्याला नुसता कोरा कागद. मंडल आणि चौकडा रंगवणाऱ्यांची बेचैनी जवळपास सारखीच उतरली. कोऱ्या कागदावर हवं ते करायची मोकळीक असलेल्यांची तेवढी उतरली नाही. २०१२ साली ५० प्रौढांवर तसाच प्रयोग पुन्हा झाला. त्यात मंडल कोऱ्या कागदापेक्षा सरस ठरलं, चौकडा मात्र ठरला नाही.

माणसं थोडी, वेळ थोडा, आणि तेही रंगवणं, आखणं नव्हे. त्यामुळे यावरून ‘मंडल काढा, चिंता घालवा’ असली जाहिरात करायला मी धजावणार नाही. ज्याला खरोखर उपचार हवेत त्याने डॉक्टरांकडेच जावं. पण ‘मोकळीक दिली की मन मोकळं होतं’ ही आपली सरधोपट समजूत इथे डळमळते, एवढं नक्की. माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. नियम जेवढा घट्ट, तेवढं डोकं रिकामं. पुढची रेघ कुठे जाणार हे आधीच ठरलेलं असतं, पण ती नीट जाईल की नाही हे मात्र ठरलेलं नसतं. त्यामुळे लक्ष हटवूनही चालत नाही. विचार करायला जागा नाही आणि झोपायलाही नाही. या दोन्हींच्या मधली जी अरुंद पट्टी आहे, तिथे हा छंद राहतो.

मनोविश्लेषक कार्ल युंग हेच करत असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास, स्वित्झर्लंडमध्ये इंग्रज युद्धबंद्यांच्या एका छावणीची जबाबदारी त्याच्यावर होती, आणि तिथे तो रोज सकाळी वहीत एक छोटी वर्तुळाकार आकृती काढायचा. त्यातून त्याने मनाविषयी बरंच काही अनुमान काढलं. ते सगळं मला पटतंच असं नाही. पण छावणीचा कारभार सांभाळणारा माणूस दिवस सुरू व्हायच्या आधी एक वर्तुळ काढून घेतो, हे मात्र मला पुरेपूर समजतं.

एका बीजातून उगवणारा व्यूह

नवशिक्याने मंडलाच्या आधी चक्रव्यूह काढावा असं माझं ठाम मत आहे. कर्कटक लागत नाही, कोनमापक लागत नाही, आणि दहा मिनिटांत एक पूर्ण आकृती हाती येते. सर्वांत जुना प्रकार सात फेऱ्यांचा. ग्रीसमध्ये पायलॉस इथल्या राजवाड्यात इसवीसनपूर्व १२०० च्या सुमाराची एक मातीची पाटी सापडली आहे. तिच्या एका बाजूला जनावरांचा हिशेब आहे आणि मागे हाच व्यूह, चौकोनी रूपात. राजवाडा जळाला आणि कच्ची पाटी त्या आगीत भाजून निघाली म्हणून टिकली. हिशेबाला कंटाळलेल्या कारकुनाने तो काढला असावा, असं समजायला मला आवडतं. आपण फोनवर बोलताना कागदाच्या कडेला काढतो ना, तसा.

बीज असं काढायचं. कागदाच्या साधारण मध्यावर अधिकचं चिन्ह. त्याच्या चार कोपऱ्यांत चार काटकोन, प्रत्येकाचा कोपरा चिन्हाच्या मध्याकडे आणि दोन्ही हात बाहेर. त्या प्रत्येक काटकोनाच्या पोटात, थोडा बाहेरच्या बाजूला, एकेक ठिपका. चार ठिपके जोडले तर चौरस होईल असे. आता टोकं मोजा. अधिकच्या चिन्हाची ४, काटकोनांची ८, ठिपके ४. एकूण १६.

या १६ टोकांना ८ कमानींनी जोडायचं, बस्स. अधिकच्या चिन्हाचं वरचं टोक घ्या आणि त्याच्या लगतच्या उजवीकडच्या टोकाला छोट्याशा कमानीने जोडा. ही पहिली. आता या कमानीच्या डावीकडचं पुढचं टोक उचला, पहिल्या कमानीवरून उडी मारून उजवीकडच्या पुढच्या टोकावर उतरा. दुसरी. मग पुन्हा डावीकडचं पुढचं, उजवीकडचं पुढचं. ठिपकाही टोकच समजायचा, त्याला वगळायचं नाही. कमानी मोठ्या होत जातात, बीजाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरत जातात, आणि आठवी कमान सगळ्यांना कवेत घेऊन अधिकच्या चिन्हाच्या खालच्या टोकाशी येऊन थांबते. त्या टोकाच्या डावीकडे जे तोंड उघडं राहतं ते प्रवेशद्वार.

पहिल्यांदा हे जमतं तेव्हा माणूस स्वतःशीच हसतो. आपण वाट काढलीच नव्हती, नुसत्या भिंती जोडल्या होत्या. वाट आपोआप उगवली.

जागेचा अंदाज आधीच देते, कारण माझे पहिले तीन व्यूह कागदाबाहेर गेले होते. दोन रेघांमध्ये १ सेंमी अंतर धरलं तर बीज ४ सेंमी चौरसाचं होतं, पण पूर्ण आकृती १५ सेंमी रुंद आणि साडेतेरा सेंमी उंच. शिवाय ती वरच्या बाजूला जास्त फुगते. म्हणून बीजाचा मध्य कागदाच्या मध्यापेक्षा पावणेतीन सेंमी खाली घ्यायचा. डावी-उजवीकडे अर्ध्या सेंमीचा फरक पडतो, तो सोडून दिला तरी चालतं.

आता वाटेत बोट घाला आणि बाहेरून आत फेऱ्यांना १ ते ७ असे आकडे द्या. मध्य म्हणजे ८. बोट आत शिरल्यावर पहिल्या फेरीत जात नाही, थेट तिसऱ्या फेरीत जातं. मग दुसरी, मग अगदी बाहेरची पहिली. ‘अरे, आपण तर बाहेर फेकलो गेलो’ असं वाटतं तोच चौथी. मग एकदम सातवी, मध्याला लागून असलेली. पोचलो म्हणेपर्यंत सहावी, पाचवी, आणि मगच मध्य. क्रम मांडून बघा: ३, २, १, ४ आणि नंतर ७, ६, ५, ८. दुसरा तुकडा म्हणजे पहिल्यातल्या प्रत्येक आकड्यात चार मिळवलेले. एकच चाल दोनदा. जवळ गेलं की दूर ढकलायचं आणि दूर वाटलं की आत ओढायचं, ही या आकृतीची सगळी गंमत या एका चालीत आहे.

मोठ्या व्यूहांची तऱ्हा वेगळी. फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या कॅथीड्रलच्या फरशीवर तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा ११ फेऱ्यांचा व्यूह आहे. व्यास जेमतेम १३ मीटर, पण आतली वाट सुमारे २६० मीटर लांब. काठापासून मध्यापर्यंत सरळ गेलात तर सहा-सात मीटर, व्यूहातून गेलात तर त्याच्या चाळीस पट. लोक ती वाट पायांनी चालतात. त्यात फेऱ्या पूर्ण होत नाहीत, चार पावांमध्ये तुटतात आणि उलट वळतात. तो एका बीजातून उगवत नाही. आधी समकेंद्री वर्तुळं आखून मग ठरावीक जागी भिंती तोडाव्या आणि वळणं जोडावी लागतात. सात फेऱ्यांचा व्यूह डोळे मिटून काढता येईल एवढा हात बसल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

मंडल: आधी हाडं, मग दागिने

मंडल या शब्दाचा मूळ अर्थ वर्तुळ, बिंब. तिबेटी बौद्ध परंपरेत मंडल म्हणजे चक्क वास्तूचा नकाशा असतो: वर्तुळाच्या आत चौरस, चौरसाला चार दिशांना चार दारं, मध्ये त्या मंडलाची मुख्य देवता. कालचक्र मंडलात ७२२ देवतांच्या जागा ठरलेल्या आहेत. भिक्षू ते रंगीत वाळूचं काढतात, खरबरीत धातूची निमुळती नळी दुसऱ्या दांडीने घासून त्या थरथराटाने वाळूची बारीक धार सोडतात. पण वाळूला हात लावायच्या आधी रेघा आखल्या जातात, उभी, आडवी, तिरप्या, सगळ्या मोजूनमापून. तिथे कुणी ‘मनाला येईल तसं’ काढत नाही. विधी म्हणून काढलेलं मंडल आणि आपण छंद म्हणून काढतो ती वर्तुळाकार नक्षी यांत फरक आहे, आणि तो पुसू नये असं मला वाटतं. आपल्या नक्षीला आपण मंडल म्हणतो ते आकारामुळे. पण ‘आधी आखणी’ हा धडा मात्र दोन्हीकडे सारखाच.

आखणी म्हणजे वर्तुळाचे समान भाग. सहा भाग सर्वांत सोपे: वर्तुळ काढलं तेच अंतर कर्कटकात ठेवून परिघावर टेकवत गेलं की सहा पावलांत फेरी पूर्ण. कारण दोन लगतचे बिंदू आणि केंद्र मिळून समभुज त्रिकोण होतो, त्याचा कोन ६० अंशांचा, आणि असे सहा मिळून ३६०. शाळेत हे सगळ्यांनी केलेलं असतं. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी की ही पावलं एकामागून एक टाकणं धोक्याचं आहे. कर्कटक अर्धा मिलिमीटर जास्त उघडलं गेलं असेल तर प्रत्येक पावलाला चूक साठत जाते आणि फेरी संपताना सुमारे साडेतीन मिलिमीटरचा घोळ दिसतो. त्याऐवजी आधी केंद्रातून एक व्यास काढा. त्याच्या दोन्ही टोकांवर आळीपाळीने कर्कटक ठेवून दोन्ही बाजूंना एकेक खूण करा. चार खुणा आणि दोन टोकं, झाले सहा बिंदू. आता कोणताही बिंदू एका पावलापेक्षा लांब नाही, त्यामुळे चूक साठायला जागाच नाही.

सहाचे बारा करायला प्रत्येक कोन दुभागायचा. आठ हवे असतील तर दोन काटकोनी व्यास काढून ते दुभागायचे. पाच भाग कर्कटकाने होतात, पण खटपट फार. मी सरळ कोनमापकावर ७२ अंश मोजते. सात भागांच्या मागे मात्र लागू नका. कर्कटक आणि पट्टी एवढ्यावर सात समान भाग करणं अशक्य आहे, आणि हे हात कच्चा असल्यामुळे नव्हे. अठरा वर्षांच्या गाउसने १७९६ साली सतरा समान भाग करता येतात हे शोधून काढलं, पण सातचं दार बंदच. पियेर वांत्सेलने १८३७ साली ते अशक्य असल्याचं सिद्धही केलं. सात पाकळ्या हव्याच असतील तर साडेएक्कावन्न अंशांच्या किंचित आत मोजायचं आणि उरलेली फट कोणाच्या डोळ्यात येणार नाही अशी वाटून टाकायची.

हाडं तयार झाली की आतून बाहेर वलयं भरत जायची. इथे एक हिशेब कळला की अर्ध्या अडचणी संपतात. बारा भागांचं मंडल घ्या. केंद्रापासून २ सेंमीवर प्रत्येक भागाच्या वाट्याला परिघाची साधारण १ सेंमी लांबी येते, छान नाजूक पाकळी बसते. तेच बारा भाग ८ सेंमीवर गेले की एकेका पाकळीला चार सेंमीहून जास्त जागा, आणि मग ती भोपळ्यासारखी सुजते. नवशिक्यांची मंडलं मध्ये सुरेख आणि कडेला ओस दिसतात ती यामुळे. उपाय सोपा: अंतर दुप्पट झालं की भागही दुप्पट. २ सेंमीवर १२, ४ सेंमीवर २४, ८ सेंमीवर ४८. तिन्ही ठिकाणी पाकळी तेवढीच १ सेंमीची राहते आणि सबंध आकृतीचा पोत एकसारखा विणल्यासारखा दिसतो. सगळीकडे असंच करावं असं नाही. मुद्दाम एखादं वलय मोठ्या, रिकाम्या पाकळ्यांचं ठेवलं की डोळ्याला उसंत मिळते. पण ते मुद्दाम व्हावं, चुकून होऊ नये.

आणि एका वलयातला एक आकार सगळीकडे पूर्ण करून मगच दुसरा घ्यायचा. आधी चोवीस वेळा बाहेरची कमान, मग चोवीस वेळा आतली, मग चोवीस ठिपके. एकेक पाकळी पूर्ण सजवत गेलं तर पहिली आणि चोविसावी ओळखीचीही राहत नाहीत, कारण मधल्या अर्ध्या तासात हात बदललेला असतो. शिवाय शांतता येते ती याच चोवीस वेळांत. पहिल्या पाचांना तुम्ही आकाराचा विचार करत असता. आठव्या-नवव्याला हाताला चाल सापडते. पंधराव्याच्या आसपास माझ्या डोक्यात नको तो विषय हमखास येतो, कोणाला काय बोलायला हवं होतं वगैरे, आणि सोळावी पाकळी वाकडी होते. कागद लगेच चुगली करतो. डोळे मिटून बसल्यावर मन कधी निसटलं ते मला कळतही नाही. इथे मात्र निसटलेल्या क्षणाची खूण शाईत उरते.

ज्यांना याहून अवघड काही हवं असेल त्यांनी श्रीयंत्राची आखणी करून पाहावी. नऊ त्रिकोण एकमेकांत अडकलेले, चार वरच्या टोकाचे, पाच खालच्या टोकाचे, आणि त्यांच्या छेदांतून ४३ छोटे त्रिकोण. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यात अनेक ठिकाणी तीन-तीन रेघा एकाच बिंदूत मिळाव्या लागतात. एक रेघ केसभर सरकवून इथला छेद जुळवला की तिथला सुटतो. तिथला जुळवला की तिसरीकडे एक नको असलेला चिमुकला त्रिकोण डोकं वर काढतो. मला आजवर एकदाही पूर्ण जुळवता आलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर श्रीयंत्र आखताना मला शांत वगैरे काही वाटलेलं नाही.

हात, कागद आणि खाडाखोड

साहित्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १५० ते २०० जीएसएमचा गुळगुळीत कागद, कडक २एच पेन्सिल, न फुटणाऱ्या शाईचं पाव मिलिमीटरच्या आसपासचं बारीक पेन. कर्कटकाच्या टोकाने कागदाला भोक पडून ते मोठं होत जातं आणि शेवटची वर्तुळं डगमगतात, म्हणून केंद्रावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा. पेन्सिल हलक्या हाताने, कारण ती शेवटी पुसायची आहे, आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय पुसायची नाही. मी तीन तासांचं काम दोन मिनिटांच्या घाईने फासून टाकलं आहे. डावखुऱ्यांनी उजवीकडून डावीकडे भरत यावं, म्हणजे तळहात ओल्या रेघेवर येत नाही.

रेघ काढताना मनगट वळवू नका, कागद फिरवा. कमान नेहमी एकाच दिशेने, स्वतःकडे ओढत काढली की हात थरथरत नाही, ढकलत काढली की थरथरतो. लांब रेघेला नजर पेनाच्या टोकावर नको, जिथे पोचायचं त्या बिंदूवर हवी. श्वास सोडता सोडता रेघ ओढायची, एवढंच या छंदातलं प्राणायाम म्हणता येईल असं तंत्र, आणि ते उपयोगी पडतं कारण श्वास रोखला की खांदे ताठ होतात. अर्ध्या-पाऊण तासाने उठून मान फिरवा. तंद्रीत मान दुखतेय हे कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं.

चुकांविषयी सगळीकडे एक गोड वाक्य वाचायला मिळतं, की मंडलात चूक अशी नसतेच. असते हो. सोळावी पाकळी वाकडी झाली की वाकडीच दिसते. पण वर्तुळाकार आकृतीत एक पळवाट नक्की आहे: जी गोष्ट एकदा दिसते ती चूक, चोवीस वेळा दिसते ती नक्षी. शाईचा ठिपका पडला? प्रत्येक भागात त्याच जागी पाडा. रेघ पुढे गेली? सगळ्याच रेघा तेवढ्या पुढे न्या आणि टोकाला थेंब काढा. माझ्या बऱ्याच चांगल्या मंडलांतली सर्वांत देखणी वलयं अशीच आली आहेत. जिथे हेही जमत नाही तिथे ती पाकळी काळी भरून टाकावी, आणि मग एकाआड एक सगळ्याच.

चक्रव्यूहात मात्र ही पळवाट चालत नाही. तिथे भिंत चुकीच्या टोकाला जोडली की वाट तुटते, किंवा मध्य कायमचा बंद होतो, आणि कितीही नक्षी काढली तरी बोट अडायचं तिथे अडतंच. सर्वांत जास्त वेळा चुकतात ते ठिपके. अजूनही गप्पा मारता मारता काढायला बसले की माझे तीनच ठिपके पडतात. तेव्हा काहीच कळत नाही. कमानी छान चढत जातात, एक, दोन, तीन, अगदी सातवीपर्यंत. आणि मग आठवीसाठी पेन उचलल्यावर दिसतं की कागदावर एकच टोक उरलंय, आणि त्याला जोडायला दुसरं कुठेच नाही.